दोन गुणांनी जिंकलेली मॅच

त्या हिवाळ्यात मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली भागातल्या आमच्या घरात दर शनिवारी संध्याकाळी एकच वाद चालायचा, आणि बहुतेक वेळा तो मीच उकरून काढायचे. खरा भारी विजय कशाला म्हणायचं? मी तेव्हा युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या युनीची फुटबॉलची टीम होती. फुटबॉल म्हणजे इथला, लंबगोल चेंडूचा, ज्याला सगळे फुटी म्हणतात तो. टीम हौशी लीगच्या खालच्या गटात खेळायची. बघायला खेळाडूंच्या मैत्रिणी, दोन-चार आईवडील, एखादं ओलं कुत्रं आणि आम्ही तिघं: मी, फेलिक्स आणि डॅरन. फेलिक्स वसईचा, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर इथे आलेला, स्टॅटिस्टिक्स शिकणारा. त्याच्या घरी मराठीच बोलत, त्यामुळे माझ्या आईशी त्याचं फार जमायचं. डॅरन गिप्सलँडमधल्या एका गाईम्हशींच्या नव्हे, नुसत्या गाईंच्या शेतावरचा मुलगा. ("तुमच्याकडे म्हशी नाहीत?" असं आईने त्याला पहिल्याच भेटीत आश्चर्याने विचारलं होतं.) गुडघा दुखावल्यामुळे त्याचं खेळणं सुटलं होतं आणि हॉस्टेलच्या जेवणाला तो विटला होता. मैदान आमच्या घरापासून चालत वीस मिनिटांवर. मॅच संपली की चिखलाचे बूट मागच्या दारात काढून दोघं सरळ स्वयंपाकघरात शिरायचे.

फेलिक्सचं म्हणणं, फरक मोठा हवा. "नव्वद गुणांनी जिंकलात तर तुम्ही खरंच चांगले," तो म्हणायचा. "दोन गुणांनी जिंकलात तर वारा चांगला. पुढच्या आठवड्यात तीच मॅच हराल." डॅरन म्हणायचा, किती गुणांनी हे बघायचंच नाही, कोणाविरुद्ध आणि कुठे ते बघायचं. त्यांच्या मैदानावर, पावसात, आपले तीन जण लंगडत असताना जिंकलात तर सांगा. (डॅरन अर्थातच इंग्रजीत बोलायचा, इथे मी ते मराठीत लिहिते आहे.) मी दोघांना वेड्यात काढायचे. शेवटच्या मिनिटाला श्वास अडकला नाही, तर ती कसली मॅच आणि कसला विजय? आई पॅथॉलॉजी लॅबमधली सकाळची शिफ्ट करून आलेली असायची, तरी उभी राहून बटाटेवडे तळायची. डॅरन वडा ब्रेडमध्ये घालून वर टोमॅटो सॉस ओतायचा. आईला ते बघवायचं नाही, पण सॉसची बाटली तिने त्या अख्ख्या सीझनमध्ये कधी संपू दिली नाही. "तुमच्यापैकी एक तरी खेळतो का रे?" ती झारा कढईच्या कडेवर आपटत विचारायची, आणि फेलिक्स म्हणायचा, "काकू, खेळणाऱ्यांना कुठे वेळ असतो विचार करायला?"

या सगळ्या गडबडीत बाबा मात्र घरभर चालत असायचे. त्या वर्षी मेलबर्नमध्ये कारखाने एकामागून एक बंद पडत होते. बाबा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात डाय, म्हणजे साचे, डिझाइन करायचे, तिथे एका शुक्रवारी पस्तीस जणांना एकत्र बोलावून निरोप दिला. पुण्याहून आल्यापासून नऊ वर्षं त्यांनी तिथेच काढली होती. नोकरी गेली तरी ते सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे. मग जायला जागा नसल्यामुळे घरातच फिरायचे. लाकडी फ्लोअरवर त्यांच्या सपातांचा आवाज हॉलमधून पॅसेजमध्ये, पॅसेजमधून मागच्या खोलीत जायचा आणि परत यायचा. मी अभ्यासाला बसले की तो कधी थांबतो याचीच वाट बघत बसायचे, आणि थांबला की जास्त घाबरायचे. दारांच्या बिजागऱ्यांना त्यांनी तेल दिलं. न गळणारा नळ उघडून पुन्हा बसवला, तेव्हापासून तो गळायला लागला. पोस्टमनच्या छोट्या मोटरसायकलचा आवाज कोपऱ्यावर आला की ते पडद्याशी जाऊन उभे राहायचे आणि मोटरसायकल आमच्या पेटीशी न थांबता पुढे गेली की म्हणायचे, "आज वारा आहे नाही?" मीही त्या दिवसांत धड एका जागी बसत नव्हते. घरी असले की युनीत जावंसं वाटायचं, युनीत गेले की घरी काय चाललं असेल याची धास्ती.

डॅरनने बाबांना मैदानावर नेलं ते त्यांच्यावर उपकार म्हणून नव्हे. टीमला गोल अंपायर मिळत नव्हता. त्या गटात प्रत्येक क्लबने आपापला एक माणूस द्यायचा, एकेका टोकाला एकेक. काम सोपं वाटतं. दोन उंच खांबांच्या मधून चेंडू गेला तर गोल, सहा गुण. बाजूच्या बुटक्या खांबांकडून गेला, किंवा वाटेत कोणाच्या हाताला लागून गेला, तर एकच गुण. अंपायरने खांबांमध्ये उभं राहून बघायचं, बोटं दाखवायची, झेंडे फडकवायचे आणि खिशातल्या कार्डावर लिहायचं. डॅरनला आमची नावं जमत नसत, म्हणून बाबा मिस्टर के आणि मी, अनू, त्याच्या तोंडी ॲना. त्याने वडा खाता खाता विचारलं, "मिस्टर के, तुम्ही इंजिनियर ना? सरळ रेषा दिसते ना तुम्हाला?" बाबा हसले. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा हसले असावेत. पुढच्या शनिवारी ते पांढरा कोट आणि पांढरी हॅट घालून खांबांमध्ये उभे होते. पहिल्या गोलला त्यांनी झेंडे असे काही झटकले, की कुंपणाशी उभ्या असलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "हा माणूस बोट बंदराला लावतोय की काय?" आईने तो कोट दर रविवारी धुतला, नीळ घालून. बाबांनी नियमांचं पुस्तक आणवून पेन्सिलने खुणा केल्या. शनिवारच्या वादात मात्र ते कधी पडले नाहीत. स्टुलावर बसून ऐकायचे आणि कार्डावरचे आकडे पुन्हा पुन्हा जुळवायचे.

सीझनची शेवटची मॅच बंदराकडच्या एका सबर्बच्या टीमशी होती. जिंकलो तर सेमी फायनल, हरलो तर घरी. ती पोरं गोदीत आणि रंगकामावर राबणारी, आमच्या शिकाऊ वकील-डॉक्टरांपेक्षा दुप्पट जाड. मैदान चिखलाने काळं झालं होतं, आणि सबंध दिवस झाकोळलेलं आभाळ शेवटच्या क्वार्टरला अचानक उघडून पश्चिमेचं ऊन आडवं मैदानात घुसलं. आम्ही चार गुणांनी मागे होतो. शेवटचं मिनिट असावं. आमच्या एका उंच मुलाने चाळीस मीटरवरून लाथ मारली, चेंडू वेडावाकडा फिरत खांबांकडे गेला, रेषेवर त्यांचा एक लालसर केसांचा खेळाडू हात वर करून उडाला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला. तो मुलगा खाली पडता पडताच ओरडला, "लागला! माझ्या हाताला लागला!" मैदानातला मुख्य अंपायर दूर चिखलात फसला होता. त्याने बाबांकडे बघितलं. सगळ्यांनीच बाबांकडे बघितलं. हाताला लागला असेल तर एक गुण, आम्ही हरलो. नसेल तर सहा. बाबा एक क्षण तसेच उभे राहिले, कपाळावर हात धरून. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं पुढे केली. गोल. झेंडे उचलायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला, पण ते माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फेलिक्सच्या पाठीवर गुद्दे घालत होते, आणि भोंगा वाजला.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात बारा-तेरा माणसं होती. खेळाडूही आले होते, चिखल वाळलेल्या गुडघ्यांनी. आईचं बेसन संपलं, बटाटे संपले, मग तिने डब्यातल्या पोह्यांचा चिवडा केला आणि तोही हां हां म्हणता फस्त झाला. खिडक्यांवर वाफ धरली होती. फेलिक्स खुर्चीवर चढून म्हणाला, "मी माझे शब्द मागे घेतो. दोन गुण, शेवटची लाथ. यापेक्षा भारी विजय नाही!" मी त्याला ते तीनदा म्हणायला लावलं. डॅरनने बाबांना शोधलं. ते मागच्या अंगणात नळाखाली बूट घासत बसले होते. त्याने त्यांना खांद्याला धरून आत आणलं, हातात ग्लास दिला आणि सगळे गप्प झाले, आता मिस्टर के काहीतरी बोलणार म्हणून. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "अनू, मला दिसलं नव्हतं गं. ऊन डोळ्यांत होतं. मी नुसताच हात केला."

त्या खोलीत मराठी कळणारी आम्ही चौघंच होतो. आईचा हात कढईवर थांबला. फेलिक्स खुर्चीवरून खाली उतरला. "काय म्हणाले?" डॅरनने मला विचारलं. मी एक क्षणसुद्धा थांबले नाही. "म्हणाले, फार दमलोय," मी इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, कोणीतरी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांना इंग्रजी माझ्याइतकंच येत होतं. मी काय सांगितलं ते त्यांनी ऐकलं, ग्लास ओठाला लावला, खाली ठेवला आणि पुन्हा अंगणात गेले.

मी आज पन्नाशी ओलांडली आहे, माझ्या हातून याहून मोठ्या चुका झाल्या आहेत, तरी रिकामी असले की मन त्या वाक्याकडे जातं. किती सहज सुचलं ते मला. मला त्या वेळी भीती बाबांची अब्रू जाईल याची होती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मला तो विजय सोडायचा नव्हता.

सगळे गेल्यावर मी अंगणात गेले. "बाबा, प्लीज, कोणाला सांगू नका," मी म्हटलं. "कार्डावर सही झालीय. आता काही बदलत नाही. उगीच कशाला?"

"बदलत नाही हे मलाही माहितीय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काही नाही. जा, आईला भांडी घासू लाग."

रविवारी सपातांचा आवाज सकाळपासून सुरू झाला. सोमवारी तेच. मंगळवारी आई त्यांना म्हणाली, "अहो, एक तर जाऊन सांगा, नाही तर विसरा. मला या चालण्याने वेड लागायची वेळ आलीय." गुरुवारी दुपारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला म्हणाले, "तो बंदराकडचा क्लब आज संध्याकाळी प्रॅक्टिस करतो. फोनवर सांगण्यासारखं नाही. येतेस?" मला जायचं नव्हतं. मी गेले, कारण त्यांना एकटं जाऊ द्यायलाही जीव धजेना. शहर ओलांडेपर्यंत गाडी सिग्नलला थांबली की ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहायचे.

त्यांचा कोच आडव्या बांध्याचा, हातांना पांढरा रंग लागलेला माणूस होता. बाबांनी त्याला सगळं सांगितलं, उभ्याउभ्या, न अडखळता, एखाद्या कामाचा अहवाल द्यावा तसं. ऊन होतं. दिसलं नाही. अशा वेळी नियमाप्रमाणे कमी गुण द्यायचे असतात. मी जास्त दिले. कोचने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग वळून हाक मारली आणि तो लालसर केसांचा मुलगा धावत आला.

"शनिवारचा तो चेंडू. लागला होता तुला?" कोचने विचारलं.

"लागला होता की. करंगळीला." मुलाने करंगळी वर करून दाखवली. मग बाबांकडे बघून जरा ओशाळून हसला. "पण खरं सांगू का मेट, लागला नसता तरी मी तेच ओरडलो असतो."

कोच मोठ्याने हसला. त्याने हात पँटला पुसला आणि बाबांशी हस्तांदोलन केलं. "शेवटच्या क्वार्टरला आमच्या पोरांनी समोरून सात गोल चुकवले. त्यांना मी हेच सांगितलंय, अंपायरचं नाव कोणी काढायचं नाही. तू इतक्या लांब आलास, थांब, चहा घे." आम्ही त्यांच्या पत्र्याच्या खोलीत कागदी कपातून चहा घेतला. बाबांनी त्याला विचारलं, खांब कोणत्या दिशेला आहेत, दुपारी इथेही ऊन येतं का. दोघं बराच वेळ त्यावर बोलले. मी खिडकीतून त्या मुलाला पळताना बघत होते. सेमी फायनल खेळायला त्याला किती आवडलं असतं, हा विचार माझ्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

आमच्या क्लबला बाबांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. सेक्रेटरी भला माणूस होता. त्याने बाबांचे आभार मानले, नो वरीज म्हणाला, आणि सेमी फायनलला दुसऱ्या कोणाची तरी व्यवस्था झाली आहे असं कळवलं. पांढरा कोट आई धुऊन घडी घालून देऊन आली. त्याच दिवशी डॅरनने मला युनीच्या कँटीनबाहेर गाठलं. "तू मला सांगितलंस, ते दमलेत म्हणाले."

"दमले होतेच ते," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. "आम्ही त्यांच्या पाठीवर थापा मारत होतो, ॲना," तो म्हणाला. "ते तिथे उभे राहून ते सहन करत होते. आणि तुला माहीत होतं." तो निघून गेला. फेलिक्स शेजारीच होता. तो मराठीत म्हणाला, "मीपण ऐकलं होतं. मीपण गप्प बसलो. मला त्याने काहीच विचारलं नाही, म्हणून मी सुटलो."

सेमी फायनलच्या दिवशी मी जाणार नव्हते. पोटात दुखतंय असं सांगून पांघरूण घेऊन पडले होते. बाबा दारात आले, मफलर गुंडाळलेले. "ऊठ. मॅच आहे."

"तुम्ही जाणार? तिथे?"

"अंपायरचं काम गेलंय. बघायला कोणी मना केलंय का?"

आम्ही कुंपणाशी नेहमीच्या जागी उभे राहिलो. ओळखीच्या दोन-तीन माणसांनी मान हलवली, एकाने तोंड फिरवलं. डॅरन दहा पावलांवर होता. तो आला, माझ्याकडे न बघता बाबांच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याने खिशातली चिप्सची पुडी बाबांपुढे धरली. आणि मॅच सुरू झाल्यावर मला जे दिसलं त्याची मी कल्पनाच केली नव्हती. गोल अंपायरला ओरडता येत नाही, हसताही येत नाही. सबंध सीझन बाबांनी आमची टीम दगडी चेहऱ्याने बघितली होती. आता ते सुटले. "अरे मार! मार ना गाढवा!" ते कुंपणावर अर्धे वाकून मराठीत ओरडत होते. "इकडे कुणाला देतोस? तुझा काका उभा आहे का तिथे?" आमची टीम पहिल्या क्वार्टरलाच मार खायला लागली. दुसऱ्यात वीस गुणांनी मागे, तिसऱ्यात तीस. कुंपणावरची माणसं गाड्यांकडे निघाली. बाबा हलले नाहीत. समोरच्या टीमच्या एका बुटक्या खेळाडूने चिखलातून तिघांना चुकवून गोल मारला तेव्हा त्यांनी त्याच्यासाठीही टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच मिनिटाला आमच्या पोरांच्या नावाने पुन्हा ठणाणा सुरू केला. फेलिक्स हसून हसून कुंपणावर टेकला होता. मीही ओरडायला लागले, कधी ते कळलंच नाही.

आम्ही त्रेचाळीस गुणांनी हरलो. फेलिक्सने लगेच विषय काढला, हा त्यांचा विजय भारी म्हणायचा की नाही, फरक तर मोठा आहे. डॅरन म्हणाला, आपल्या मैदानावर येऊन जिंकले, म्हणजे भारीच. त्याने माझं मत विचारलं नाही. तो माझ्याशी नीट बोलायला लागला ते पुढे परीक्षेच्या दिवसांत, आणि तेही आधी कॅल्क्युलसच्या नोट्स मागायला. शेवटच्या मिनिटाला श्वास अडकायला हवा, हे माझं मत मी कुठेतरी सोडून आले होते.

घरी येताना बाबा आणि मी दोघंच चालत होतो. ओळीने घरांच्या धुराड्यांतून धूर निघत होता, कोणीतरी उशिरा लॉन कापत होतं. बाबांचा आवाज पार बसला होता, बोलले तर नुसती हवा निघायची. कोपऱ्यावर ते थांबले.

"एक विचारू? तू माझ्या जागी असतीस, कोट घालून, तर जाऊन सांगितलं असतंस?"

मी उत्तर जुळवायला लागले. ते वाट बघत उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता आणि मला सोडवायची घाईही नव्हती.

"नाही," मी म्हटलं.

बाबांनी मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तसाच ठेवून घरापर्यंत चालले.